गणिताचार्य श्री महावीराचार्य

इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या राज्यात महावीराचार्य हे थोर दिगंबर जैन गणिती होऊन गेले. साम्राज्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. आपले जन्मस्थान, माता-पिता यांविषयी आचार्यांनी काहीही लिहून ठेवलेले नाही. इ. स. ८५० च्या सुमारास रचलेला ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ हेच त्यांचे चरित्र होय.

ग्रंथारंभी भगवान महावीरांना वंदन करून व सम्राटांचे गुणगान करून, पाकशास्त्रापासून वैद्यकापर्यंत गणितावाचून कोणाचेच चालत नाही, असे ते प्रतिपादन करतात. व्याज, भागीदारी, सोन्याचा कस यांची उदाहरणे वाचताना माझ्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्यास आपलीच खातेवही उघडल्यासारखे वाटते.

परंतु या व्यवहारदक्ष पुरुषास संख्येच्या सौंदर्याचेही मोठे वेड होते. गुणाकाराची काही उदाहरणे त्यांनी अशी योजली की, उत्तरातील अंक कंठहारातील मण्यांप्रमाणे दोन्ही बाजूंनी सारखे दिसावेत. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणावे. उत्तर येते १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि त्याच पायऱ्यांनी उतरणारी ही अकरा अंकी संख्या! दुकानातील कॅल्क्युलेटरवर हा गुणाकार प्रथम केला तेव्हा समोर गिऱ्हाईक उभे आहे, याचेही मला भान राहिले नाही.

हा योगायोग नव्हे. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आणि २१ व ५२९१ यांचा गुणाकार ११११११. म्हणजे उत्तर हे सहा एकांच्या संख्येचा वर्ग आहे. त्या संख्येस तिनेच गुणताना सहा ओळी एकेक घर डावीकडे सरकवून मांडल्या की, मधल्या घरात सहा एके जमतात, दोन्ही बाजूंना ती एकेकाने कमी होत जातात आणि हातचा कोठेच येत नाही. दुसरा हार याहून मोठा: ३३३३३३६६६६६७ गुणिले ३३, उत्तर ११००००११००००११. येथे माझे बारा आकडी यंत्र थकले. हिशेब बिलाच्या पाठीवर मांडावा लागला. आचार्यांनी तर संख्येची चोवीस स्थाने नावांनिशी दिली आहेत. शेवटचे स्थान महाक्षोभ, म्हणजे एकावर तेवीस शून्ये.

आचार्यांचे सर्वच निष्कर्ष अचूक होते असे नाही. शून्याने भागिले असता संख्या तशीच राहते, हे त्यांचे मत चुकीचे आहे आणि श्रद्धेपोटी ते झाकण्याचे कारण नाही. ऋण संख्या कशाचाही वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, हे मात्र त्यांनी त्या काळी स्पष्टपणे नोंदविले.

अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगू भाषेत नेला. १९१२ मध्ये मद्रासला एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रकाशित केला. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो १९६३ मध्ये आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला.