मराठीचं व्याकरण लिहिणाऱ्या विल्यम केरीने आजारी बायकोला १२ वर्षं घरातच सांभाळलं

१८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी भाषेचं व्याकरण छापून बाहेर आलं. ते लिहिणारा माणूस इंग्रज मिशनरी होता, विल्यम केरी. पुढे १८१० मध्ये त्याने मराठीचा शब्दकोशही काढला. मराठी शिकणाऱ्या इंग्रजांना या पुस्तकांचा मोठा आधार झाला.

पण हे काम सुरू होतं तेव्हा केरीच्या घरात काय चाललं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. केरीचा जन्म १७६१ चा. धंद्याने तो चांभार, जोडे शिवता शिवता भाषा शिकणारा. १७८१ मध्ये त्याचं लग्न डोरोथी प्लॅकेटशी झालं. ती त्याच्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी होती आणि तिला लिहिता येत नव्हतं. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली मारली होती.

१७९३ मध्ये केरीने भारतात जायचं ठरवलं. डोरोथी तेव्हा गरोदर होती. तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. केरी मोठ्या मुलाला घेऊन निघाला, पण जहाज रखडलं. तेवढ्यात डोरोथीचं बाळंतपण झालं आणि तिला पुन्हा गळ घालण्यात आली. बहीण सोबत येणार असेल तर येते, या अटीवर ती तयार झाली. कडेवर तान्हं बाळ आणि पाच महिन्यांचा समुद्रप्रवास!

बंगालमध्ये आल्यावर पैसे संपले, आजारपणं सुरू झाली. १७९४ मध्ये केरीला माल्दाजवळच्या मदनावतीला निळीच्या कारखान्यात नोकरी मिळाली. तिथेच त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने आणि हगवणीने गेला. सोबत आलेली बहीणही लग्न करून वेगळी झाली होती.

डोरोथी यातून कधीच सावरली नाही.

१७९५ पासून तिच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली, की नवरा आपल्याला फसवतोय. ती त्याच्या मागोमाग जायची, लोकांसमोर आरोप करायची, अंगावर धावून जायची. त्या काळात मानसिक आजारावर औषध नव्हतं. वेड्यांच्या इस्पितळात ठेवा, असा सल्ला केरीला मिळाला. पण तिथे रुग्णांना कसं वागवतात याची त्याला कल्पना होती. त्याने तिला घरातच ठेवलं. त्रास वाढला की मात्र तिला खोलीत बंद करावं लागायचं. शेजारच्या खोलीतून तिचा आरडाओरडा ऐकू यायचा आणि केरी भाषांतराला बसलेला असायचा.

मग त्याला धीर कुठून मिळाला?

सुरुवातीला मिळत नव्हताच. त्याच्या डायरीत एकटेपणाच्या आणि प्रार्थनेत मन लागत नसल्याच्या नोंदी आहेत. १७९५ च्या मध्यात तर ती डायरीच थांबते. अमेरिकेतल्या डेव्हिड ब्रेनर्ड या मिशनऱ्याची डायरी तो पुन्हा पुन्हा वाचायचा. ब्रेनर्डही आजारी, एकटा आणि निराशेशी झगडणारा. श्रद्धाळू माणसाचंही मन खचतं, हे त्यात त्याला दिसत होतं. इंग्लंडमधल्या मित्रांच्या पत्रांचा आधार होता, पण ती यायला कित्येक महिने लागायचे.

खरा फरक पडला १८०० मध्ये श्रीरामपूरला आल्यावर. इथे जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड आणि त्यांची कुटुंबं होती. सगळ्यांचं जेवण एकत्र, प्रार्थना एकत्र. शनिवारी संध्याकाळी बसून आपसातल्या कुरबुरी मिटवायच्या. केरीच्या मोकाट सुटलेल्या मुलांकडे हॅना मार्शमनने लक्ष दिलं. पहाटे केरी बागेत जायचा. झाडांची देखभाल आणि प्रार्थना, दोन्ही तिथेच. घरातलं संकट तसंच राहिलं, पण ते पेलायला आता चार माणसं होती.

८ डिसेंबर १८०७ ला डोरोथी तापाने गेली. केरीने पुढच्याच वर्षी शार्लट रुमोर हिच्याशी लग्न केलं आणि इतक्या लवकर लग्न केलं म्हणून सहकारी नाराज झाले. शार्लटलाही नीट चालता येत नव्हतं. १८२१ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत तिची साथ त्याने सोडली नाही. १८३४ मध्ये श्रीरामपूरलाच केरी गेला.

केरीच्या जुन्या चरित्रांमध्ये डोरोथी म्हणजे थोर माणसाच्या वाटेतला अडथळा, अशीच दिसते. अलीकडच्या अभ्यासकांनी तिची बाजू मांडली. नको असलेला प्रवास, परका मुलुख आणि पोटच्या पोराचा मृत्यू, हे सगळं तिच्या वाट्याला आलं ते केरीच्या निर्णयामुळे. त्याने तिला १२ वर्षं सांभाळलं हे खरं, आणि तिला इथे आणलं ते त्यानेच, हेही खरं.

या सगळ्याबद्दल केरीची पत्रं आहेत, सहकाऱ्यांच्या नोंदी आहेत. डोरोथीला काय वाटत होतं, हे मात्र तिच्या शब्दांत आपल्यापर्यंत फारसं पोचलेलंच नाही.