पापळ ते ऑक्सफर्ड : गरीब मुलांसाठी वसतिगृहाचे दार उघडणारे भाऊसाहेब

काटोल : दहावी-बारावीचे निकाल लागले की काटोल, नरखेड परिसरातील अनेक शेतकरी कुटुंबांत एकाच वेळी आनंद आणि काळजी प्रवेश करतात. मुलाला किंवा मुलीला गुण चांगले मिळालेले असतात, मात्र पुढचे महाविद्यालय असते साठेक किलोमीटरवरील नागपुरात किंवा त्याहूनही दूर. प्रवेशाचे शुल्क एकवेळ जमवता येते. खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण मात्र दर महिन्याला उभे राहते. संत्र्याच्या बहराने दगा दिला, तर हुशार मुलाचे शिक्षण तेथेच थांबण्याची भीती असते. नेमकी हीच अडचण ओळखून सुमारे शंभर वर्षांपूर्वी विदर्भात वसतिगृहाची चळवळ उभी करणाऱ्या माणसाचे नाव आज राज्य शासनाच्या एका निर्वाह भत्ता योजनेला दिलेले आहे. ते नाव म्हणजे शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख. अर्जावर हे नाव लिहिणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना या माणसाने स्वतःचे शिक्षण कसे पूर्ण केले, याची मात्र कल्पना नसते.

गावात वर्ग नाही, म्हणून गाव सोडले

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या लहानशा गावी झाला. वडील शामराव आणि आई राधाबाई. घराणे मूळचे कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख हे आडनाव रूढ झाले. घर शेतकऱ्याचे असले, तरी शामरावांना शिक्षणाचे मोल ठाऊक होते. गावच्या शाळेत पुढचा वर्ग नसल्याने या मुलाला लहानपणीच घर सोडावे लागले. चांदूर रेल्वे, कारंजा लाड आणि त्यानंतर अमरावतीचे हिंदू हायस्कूल असा त्याचा शालेय प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर नवे गाव, राहण्याची नवी सोय आणि नवा खर्च पुढे उभा ठाकत असे. शिकण्याची इच्छा आणि बुद्धी असूनही राहण्याची सोय नसेल, तर खेड्यातील मूल शाळेपर्यंत पोहोचत नाही, हा धडा त्यांना पुस्तकाबाहेर मिळाला होता.

मॅट्रिक झाल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या काळी वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मुलाने पुण्यात शिकणे हीच मोठी गोष्ट मानली जाई. पंजाबरावांची नजर मात्र विलायतेकडे लागली होती.

शिष्यवृत्तीच्या बळावर विलायतेत

१९२० मध्ये ते इंग्लंडला निघाले. या प्रवासासाठी शामरावांनी शेत गहाण ठेवले. शेतकऱ्याच्या लेखी जमीन गहाण ठेवणे म्हणजे काय, हे काटोल-वरुडच्या पट्ट्यात कोणाला वेगळे सांगण्याची गरज नाही. मुलगा अपयशी होऊन परतला असता, तर संपूर्ण घर उघड्यावर आले असते.

घरून येणारा पैसा अपुरा पडत होता. एडिंबरो विद्यापीठात पंजाबरावांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि तेथे एम.ए. ही पदवी संपादन केली. याच विद्यापीठाची मानाची व्हॅन्स डनलॉप शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि पुढील संशोधनाचा मार्ग मोकळा झाला. वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर संशोधन करून त्यांनी ऑक्सफर्डची डी.फिल. पदवी मिळवली. सोबतीला बॅरिस्टरीही पूर्ण केली. त्यांचा हा प्रबंध पुढे १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ज्या समाजात वेदाध्ययन हा ठरावीक वर्गाचा अधिकार समजला जात होता, त्या समाजातील एका शेतकऱ्याच्या मुलाने याच विषयात सर्वोच्च पदवी मिळवावी, ही घटना त्या काळी साधी नव्हती.

वकिली अमरावतीत, लक्ष छात्रालयाकडे

१९२६ च्या सुमारास मायदेशी परतल्यावर मुंबई-पुण्यात किंवा सरकारी नोकरीत सुखाने राहणे त्यांना शक्य होते. त्यांनी अमरावतीत वकिली सुरू केली. १९२७ मध्ये मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. त्याच काळात अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, या मागणीच्या अग्रभागीही ते होते. विमलाबाईंनी विवाहानंतर शिक्षण सुरू ठेवून कायद्याची पदवी घेतली आणि पुढे त्या राज्यसभेच्या सदस्या झाल्या.

याच वर्षांत अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू झाले. नाव स्वामी श्रद्धानंदांचे आणि दार सर्व जातींच्या मुलांसाठी उघडे. एकाच छपराखाली राहणे, एकाच पंगतीत जेवणे आणि एकत्र अभ्यास करणे ही तेथील रीत होती. खेड्यातून आलेल्या मुलाच्या दृष्टीने हे छात्रालय म्हणजेच खरी शिष्यवृत्ती होती. हातात रोख रक्कम पडत नसली, तरी शहरात राहण्याचा सर्वांत मोठा खर्च त्यातून वाचत होता. शिवाय अभ्यासाला सोबत आणि मार्गदर्शन मिळे, तो लाभ वेगळाच.

सत्ता हाती आली तेव्हा

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा आग्रह धरताना त्यासाठी कर वाढविण्याचा अप्रिय निर्णयही त्यांनी घेतला. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याची भूमिका त्यांनी घेतली. १९३० मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे शिक्षण आणि शेती ही खाती आली. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. देवस्थानांकडे साठलेला पैसा लोकोपयोगी कामांकडे वळवावा, हा त्यामागील विचार होता. या विधेयकाने प्रांतात मोठे वादळ उठले आणि त्यांना कडवे विरोधक मिळाले. १९३३ मध्ये त्यांचे मंत्रिपद संपले.

मंत्रिपद येते आणि जाते, संस्था मात्र टिकते, हे त्यांनी वेळीच ओळखले होते. १९३२ मध्येच श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९४६ मध्ये अमरावतीत शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि माध्यमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याला जवळच उच्च शिक्षणाची वाट मिळाली. पुढे विदर्भाच्या जिल्ह्याजिल्ह्यांत संस्थेच्या शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहे पसरली. काटोलसारख्या तालुक्यांतील अनेक विद्यार्थी ज्या नागपूरच्या काँग्रेसनगरातील शिवाजी विज्ञान महाविद्यालयात शिकायला जातात, तेही याच संस्थेचे आहे.

घटना समितीत ग्रामीण भारताची बाजू

१९४६ ते १९५० या काळात पंजाबराव घटना समितीचे सदस्य होते. शेतकरी आणि मागासवर्गीय हा त्यांच्या भाषणांचा नेहमीचा विषय असे. स्पर्धेच्या परीक्षा सर्वांना सारख्या असल्या, तरी शहरातील आणि खेड्यातील विद्यार्थ्यांची तयारी सारखी नसते, ही विषमता ते सातत्याने मांडत राहिले. इतर मागासवर्गीयांना संघटित करण्यासाठीही त्यांनी देशपातळीवर काम केले.

मॅट्रिकनंतरच्या केंद्रीय शिष्यवृत्तीचा विस्तारही याच दशकातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४-४५ मध्ये अनुसूचित जातींसाठी ही योजना सुरू झाली. १९४८-४९ मध्ये ती अनुसूचित जमातींना आणि त्यानंतर इतर मागासवर्गीयांना लागू झाली. शिष्यवृत्ती ही एखाद्या उदार धनिकाची कृपा न राहता शासनाची जबाबदारी ठरली.

१९५२ पासून तीन वेळा ते अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय मंत्रिमंडळात कृषी खात्याचा कारभार त्यांनी पाहिला. १९५५ मध्ये भारत कृषक समाजाची स्थापना झाली. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत सुरू झालेले जागतिक कृषी प्रदर्शन हीही त्यांच्याच पुढाकाराची फलश्रुती होती. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. काटोलचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र याच विद्यापीठाचे आहे. बापाच्या संत्र्याच्या बागेला सल्ला देणारे केंद्र आणि मुलाच्या खोलीभाड्याला हातभार लावणारी योजना, अशी दोन्ही टोके काटोलमध्ये एकाच नावाशी जोडलेली आहेत.

नाव त्यांचे, लाभ कोणाचा?

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या पाल्यांसाठी ती प्रामुख्याने आहे. योजना सुरू झाली, तेव्हा नागपूरसह मोठ्या शहरांत वर्षाला ३० हजार आणि इतर ठिकाणी २० हजार रुपये अशी रक्कम ठरविण्यात आली होती. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारक असल्याचे प्रमाणपत्र आणि राहण्याच्या सोयीचा पुरावा ही कागदपत्रे जुळवताना पालकांची धावपळ होते. दाखला वेळेत मिळाला नाही, तर पात्र विद्यार्थीही वंचित राहू शकतो.

या वाटेची सुरुवात मात्र बारावीनंतर नव्हे, तर शाळेतच होते. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्या शासकीय आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांना नववी ते बारावी दरमहा एक हजार रुपये मिळतात. नागपुरात मुख्यालय असलेली महाज्योती ही संस्था इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. सारथी आणि बार्टी या संस्थाही त्यांच्या त्यांच्या घटकांसाठी अशाच योजना राबवितात. परंतु ही माहिती खेड्यातील घरापर्यंत पोहोचविणारा माणूस प्रत्येक शाळेत असतोच असे नाही. जेथे एखादा शिक्षक मुलांचे अर्ज स्वतः भरून घेतो, तेथील मुले पुढे जातात. जेथे असा शिक्षक नाही, तेथे योजना कागदावर राहते.

शामरावांनी शेत गहाण ठेवले, कारण त्या वेळी त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. त्यांच्या मुलाने पुढील आयुष्य दुसऱ्या शामरावांवर ती वेळ येऊ नये, यासाठी वेचले. काटोलच्या एखाद्या बागायतदाराने किंवा शेतमजुराने मुलीच्या प्रवेशासाठी सातबारा सावकारापुढे ठेवण्यापूर्वी त्याच्या हाती या योजनेचा भरलेला अर्ज पडला, तर भाऊसाहेबांच्या नावाचे सार्थक होईल. ते काम शाळेचे आहे, तहसील कार्यालयाचे आहे आणि शिकून पुढे गेलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याचेही आहे.