मॅड्स क्लाऊसेन : उबेला शिस्त लावणारा अभियंता

डेन्मार्क, जर्मनी, स्वीडन यांसारख्या थंड देशांत हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी बॉयलरमध्ये पाणी तापविले जाते. हे पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये, म्हणजे भिंतीलगत बसविलेल्या पोकळ धातूच्या संचांमध्ये, फिरविले जाते. या रेडिएटरच्या एका टोकाला बहुधा मुठीएवढी एक गोल खुंटी दिसते आणि तिच्यावर एक ते पाच असे आकडे असतात. विजेची तार नसताना आणि कोणी हात लावत नसतानाही ही खुंटी खोलीचे तापमान ओळखून गरम पाण्याचा प्रवाह कमी-अधिक करते. युरोपातील कोट्यवधी घरांचे इंधन वाचविणाऱ्या या साधनाचे जनक म्हणून डॅनिश अभियंते मॅड्स क्लाऊसेन यांचे नाव घेतले जाते.

क्लाऊसेन यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९०५ रोजी आल्स बेटावरील एल्समार्क येथील एका शेतकरी कुटुंबात झाला. १८६४ च्या युद्धानंतर हा डॅनिश मुलूख प्रशियाच्या ताब्यात गेला होता. घरात डॅनिश आणि शाळेत जर्मन अशा वातावरणात क्लाऊसेन यांचे बालपण गेले. १९२० मध्ये सार्वमतानंतर हा भाग पुन्हा डेन्मार्कला मिळाला, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. शेतीपेक्षा यंत्रांची ओढ अधिक असल्याने त्यांनी ओडेन्स येथे यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि पुढे शीतकरणाच्या उद्योगात अनुभव मिळविला.

तो काळ जागतिक मंदीचा होता. परकीय चलनाच्या टंचाईमुळे डेन्मार्कने आयातीवर कडक निर्बंध घातले होते आणि शीतयंत्रांना लागणारे अमेरिकी बनावटीचे सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले होते. हे भाग देशातच बनविता येतील, असा विश्वास क्लाऊसेन यांना वाटला. १९३३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी आईवडिलांच्या शेतावरील घरातच आपला उद्योग सुरू केला. शीतयंत्रातील द्रवाचा प्रवाह नियंत्रित करणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह हे त्यांचे पहिले उत्पादन होते. १९४६ मध्ये या कंपनीने डॅनफॉस हे नाव धारण केले.

एक्सपान्शन व्हॉल्व्हने क्लाऊसेन यांना एक मोलाचा धडा दिला. तापमानाबरोबर दाब बदलणारा पदार्थ धातूच्या बंद कुपीत भरला, तर त्या दाबाच्या जोरावर झडप आपोआप उघडू अथवा मिटू शकते. परंतु झडप फार उतावीळ असेल तर ती एकदा गरजेपेक्षा जास्त उघडते, मग गरजेपेक्षा जास्त मिटते आणि हा खेळ थांबतच नाही. शीतयंत्रांच्या कारागिरांना हे हेलकावे चांगलेच परिचित होते. नियंत्रक यंत्राचा स्वभाव संयमी असावा लागतो, ही जाणीव पुढील कामात निर्णायक ठरली.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजांनी डेन्मार्क व्यापला. ब्रिटनमधून येणारा कोळसा बंद झाला आणि लोकांना दलदलीतून काढलेल्या पीटवर गुजराण करावी लागली. त्या काळी रेडिएटरवर केवळ हाताने फिरवायची तोटी असे. दुपारी ऊन आले, स्वयंपाकाची चूल पेटली वा पाहुणे जमले की खोली नको इतकी तापे. मग तोटी बंद करण्याऐवजी खिडकी उघडली जाई आणि दुर्मीळ इंधनाची ऊब रस्त्यावर जाई. याच व्यापलेल्या डेन्मार्कमध्ये, १९४३ साली, क्लाऊसेन यांनी रेडिएटरवरील स्वयंचलित तापमान नियंत्रकाच्या पेटंटसाठी अर्ज केला.

या साधनाची रचना वरकरणी अगदी साधी आहे. खुंटीच्या आत भात्यासारख्या घड्या असलेली धातूची बंद डबी असते आणि तीत तापमानाला झटकन प्रतिसाद देणारा पदार्थ भरलेला असतो. खोली तापली की डबीतील दाब वाढतो, डबी लांबते आणि स्प्रिंगचा विरोध मोडून काढीत झडपेची दांडी आत ढकलते. त्यामुळे गरम पाण्याची वाट अरुंद होते. खोली थंड झाली की स्प्रिंग दांडीला मागे ढकलते आणि वाट पुन्हा मोकळी होते. खुंटी फिरविली म्हणजे ही क्रिया कोणत्या तापमानाला घडावी एवढेच ठरते.

खरी कसोटी होती ती तीन परस्परविरोधी मागण्यांचा मेळ घालण्याची. तापमान ठरविलेल्या अंकावर काटेकोर राहावे ही पहिली मागणी. ते हेलकावे न घेता स्थिर राहावे ही दुसरी. आणि इंधन कमीत कमी जळावे ही तिसरी. अचूकतेसाठी झडप अतिसंवेदनशील केली, तर किंचित फरकानेही ती सताड उघडते किंवा पूर्ण मिटते. खोलीच्या भिंती आणि रेडिएटरमधील पाणी मात्र सावकाश तापतात. त्यामुळे परिणाम जाणवेपर्यंत झडप फार पुढे गेलेली असते. उलट ती फार सुस्त केली, तर खोली तीन-चार अंशांनी भरकटली तरी झडप पुरेशी हलत नाही. थंड देशांत घराचे तापमान एका अंशाने वाढविल्यास इंधनाचा खर्च सुमारे पाच ते सहा टक्के वाढतो, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे सुस्तपणाचीही किंमत मोजावी लागते.

त्यात रेडिएटरचा स्वभावही आडमुठा असतो. त्यातील पाण्याचा प्रवाह निम्मा केला तरी उष्णता निम्मी होत नाही. ती जेमतेम दहा ते वीस टक्क्यांनी घटते. मात्र झडप जवळजवळ मिटलेली असताना ती केसभर उघडली तरी उष्णता एकदम वाढते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत शहाण्यासारखी वागणारी झडप सौम्य हवामानात मात्र चंचल होते.

या जातीच्या झडपेने त्यावर काढलेला मार्ग तडजोडीचा आहे. तापमान ठरविलेल्या अंकाच्या जसजसे जवळ येते, तसतशी ती हळूहळू मिटत जाते. त्यामुळे खोली नेमक्या अंकावर न थांबता किंचित खाली वा वर स्थिरावते. ही लहानशी चूक पत्करून स्थैर्य मिळते आणि स्थैर्यातून काटकसर साधते. रेडिएटरच्या झडपांसाठीच्या ईएन २१५ या युरोपीय मानकात झडपेचा प्रवाह ठरविलेल्या तापमानापेक्षा दोन अंश खाली असताना मोजला जातो. हे साधन किती सवलत घेते, हे मानकानेच त्यातून मान्य केले आहे.

या नियंत्रकाचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९५२ मध्ये सुरू झाले. तेव्हा तेल स्वस्त होते आणि काटकसरीचे महत्त्व फारसे कोणाला वाटत नव्हते. क्लाऊसेन यांनी मात्र आपल्या बेटावरील कारखान्याचा विस्तार चालूच ठेवला आणि शेतीप्रधान आल्स बेटाला हजारो कामगारांचे औद्योगिक केंद्र बनविले. २७ ऑगस्ट १९६६ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर पत्नी बिटेन क्लाऊसेन यांनी कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले आणि १९७१ मध्ये पतीपत्नींच्या नावे प्रतिष्ठान स्थापन झाले.

त्यांच्या कल्पनेचे खरे चीज त्यांच्या मृत्यूनंतर झाले. १९७३ च्या तेलसंकटात ऊर्जेसाठी जवळजवळ सर्वस्वी आयात तेलावर विसंबणाऱ्या डेन्मार्कला रविवारी मोटारी चालविण्यावर बंदी घालावी लागली. उबेचा प्रत्येक अंश मोजून वापरण्याची वेळ आली, तेव्हा तीस वर्षांपूर्वीची ही कल्पना हाताशी तयार होती. २०१८ मध्ये युरोपीय संघाने इमारतींच्या ऊर्जाविषयक निर्देशात दुरुस्ती केली. तांत्रिक व आर्थिकदृष्ट्या शक्य असेल तेथे नव्या इमारतींतील प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्रपणे राखणारी स्वयंनियंत्रित साधने बसवावीत, असे बंधन त्यात घालण्यात आले.

आता बॅटरीवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खुंट्याही आल्या आहेत. त्या तापमान अधिक बारकाईने मोजतात आणि वेळापत्रकही पाळतात. परंतु झडप वारंवार हलविली तर त्यांची बॅटरी लवकर संपते, खोलीत हेलकावे सुरू होतात आणि अचूकतेचा लाभ हातचा जातो. साधने बदलली तरी तिढा तोच राहिला आहे. यंत्राने किती अचूक असावे याइतकेच त्याने केव्हा स्वस्थ बसावे हेही महत्त्वाचे असते. आल्स बेटावरील शेतकऱ्याच्या या मुलाने घराघरांत पोहोचविलेली झडप तोच धडा कोणतीही वीज न वापरता आजही देत आहे.