पन्नास वर्षांची मुदत

अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख म्हणून गिफर्ड पिंचो प्रसिद्ध आहे. पण त्या देशातल्या लहानमोठ्या खासगी जलविद्युत प्रकल्पांना ठरावीक वर्षांनी परवान्यासाठी पुन्हा सरकारदारी उभं राहावं लागतं, ते बरंचसं त्याच्या हट्टामुळे.

जन्म १८६५चा. आजोबांनी पेनसिल्व्हेनियातली जंगलं तोडून पैसा केला, वडिलांनी भिंतींच्या शोभेच्या कागदाच्या व्यापारातून तो वाढवला. मुलाने वनशास्त्र शिकावं ही कल्पनाही वडिलांचीच. अमेरिकेत ते शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून पिंचो फ्रान्समध्ये नान्सीला गेला. १९०५ साली राष्ट्रीय वनं त्याच्या हाती आली आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तर त्याचा मित्रच.

या वनांतून उतरणाऱ्या नद्यांवर वीज कंपन्यांचा डोळा होता. तोवर धरणाची परवानगी संसदेच्या ठरावाने मिळे, बहुधा फुकट आणि कायमची. पिंचोचं म्हणणं साधं होतं: नदी लोकांची आहे, कंपनीने भाडं भरावं आणि परवान्याला मुदत असावी. रूझवेल्टला ते पटलं. मिसुरीतल्या जेम्स नदीवरच्या धरणाचं विधेयक त्याने जानेवारी १९०९ मध्ये याच कारणांसाठी नाकारलं. मुदत घातली तर भांडवल कोण देईल, असा कंपन्यांचा सवाल होता. आम्हा बँकवाल्यांना हा सूर ओळखीचा आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा नूतनीकरणाला येते तेव्हाच खातेदाराचं गोदाम खऱ्या अर्थाने तपासलं जातं, आणि म्हणूनच त्याला ते नूतनीकरण नकोसं वाटतं.

रूझवेल्टनंतर आलेल्या टाफ्टशी पिंचोचं बिनसलं. सरकारी जमिनींच्या प्रकरणात त्याने मंत्र्यावर उघड टीका केली आणि जानेवारी १९१० मध्ये नोकरी गमावली. लढा मात्र सुटला नाही. १९२०च्या जलविद्युत कायद्यात जास्तीत जास्त ५० वर्षांची मुदत आली. पुढे तो दोनदा पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर झाला आणि १९४६ साली वारला.

त्याला संत ठरवण्याचं कारण नाही. योसेमिटीतलं हेच हेची खोरं सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी बुडवायला त्याचा पाठिंबा होता. पाणी कामाला लागलं पाहिजे, ही त्याची श्रद्धा. स्वतः हौशी मासेमार असूनही मुदतीची अट त्याने माशांसाठी घातली नव्हती. पण अट घालणाऱ्याला ती पुढे कुणाच्या कामी येईल हे कुठे ठाऊक असतं!

१९८६ साली कायदा बदलला: परवाना देताना विजेइतकाच मासे, वन्यजीव आणि नदीवरच्या माणसांचाही विचार करणं भाग झालं. मेन राज्यात ऑगस्टा इथे केनेबेक नदीवर १८३७ सालचं एडवर्ड्‌स धरण होतं. वीज जेमतेम साडेतीन मेगावॉट. आपल्याकडच्या पाल्यासारखे समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारे मासे त्याच्या भिंतीपाशी अडत. परवाना १९९३ साली संपला. मालकाने नूतनीकरण मागितलं; नियामक आयोगाने नोव्हेंबर १९९७ मध्ये नकार देऊन धरण काढायला सांगितलं. मालकाच्या इच्छेविरुद्ध असा आदेश आयोगाने पूर्वी कधी दिला नव्हता. १ जुलै १९९९ रोजी बांध फोडला. वॉटरव्हिलपर्यंतची सुमारे २७ किलोमीटर नदी मोकळी झाली आणि मासे पुन्हा वर चढू लागले.