लेफ्टनंट हेन्री फ्लिपर

हेन्री फ्लिपर याचा जन्म १८५६ सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत गुलाम आईबापांच्या पोटीं झाला. गुलामगिरी नष्ट झाल्यावर त्यानें विद्येची कास धरिली. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत गोऱ्या सहाध्यायांचा अबोला सोसून १८७७ सालीं तो तेथील पहिला कृष्णवर्णीय पदवीधर झाला. पुढें फोर्ट सिल येथें त्यानें खणविलेल्या चरानें डबकीं आटलीं व हिंवताप हटला.

१८८१ सालीं टेक्सासमधील फोर्ट डेव्हिस येथें त्याच्या ताब्यांतील सरकारी रकमेंत तूट आली. भीतीनें त्यानें ती लपविली व वरिष्ठांस खोटें सांगितलें. मित्रांनीं पैसे भरून दिले. लष्करी न्यायसभेनें अपहाराच्या आरोपांतून त्यास मुक्तहि केलें. परंतु असत्य वर्तनाबद्दल ३० जून १८८२ रोजीं तो बडतर्फ झाला. अपहार सिद्ध झालेल्या कांहीं गोऱ्या अधिकाऱ्यांसहि इतकी कठोर शिक्षा झाली नव्हती.

फ्लिपर खचला नाहीं. भूमापन, खाणकाम व स्पॅनिश भाषा यांत त्यानें नांव मिळविलें. डाग धुवून निघावा म्हणून १८९८ पासून त्यानें अमेरिकन काँग्रेसकडे वारंवार दाद मागितली. ती मिळाली नाहीं. १९४० सालीं तो वारला.

अखेर १९७६ सालीं लष्करानें बडतर्फीच्या जागीं सन्मान्य सेवामुक्तीची नोंद केली, १९७८ सालीं त्याच्या अस्थि लष्करी इतमामानें जन्मगांवीं पुरल्या, आणि १९९९ सालीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं त्यास क्षमा जाहीर केली.

मुलांनो, चूक कबूल करण्याचें धैर्य त्या एका प्रसंगीं फ्लिपरला झालें नाहीं, आणि त्याची किंमत त्यानें जन्मभर दिली. परंतु अपराध तोलणाऱ्यांचा तराजूहि खरा असावा लागतो. तो खरा करावयास ९४ वर्षें लागलीं.