बाणावलीचा जोसेफ, लंकेचा संत

आमच्या बचत गटाची गोष्ट सांगते. गट चालवणाऱ्या ताई मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने गावाला गेल्या. इकडे बैठका बंद, हप्ते बंद, वही कपाटात! ताई परत आल्या तेव्हा गट नावालाच उरला होता. त्या वेळी मला संत जोसेफ वाझ यांची फार आठवण झाली. काळ वेगळा, धर्म वेगळा. पण एका माणसावाचून काम अडू नये म्हणून काय करायचं, हे त्यांच्याकडून शिकावं.

जोसेफ वाझ आपल्या शेजारच्या गोव्याचे. २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीला, आजोळी त्यांचा जन्म झाला. वडिलांचं गाव सांकवाळ. १६७६ साली ते पाद्री झाले. पुढे जुन्या गोव्यात स्थानिक पाद्रींच्या मंडळाचे प्रमुखही झाले. मान होता, सुरक्षित आयुष्य होतं. पण त्यांचं मन लागलं होतं श्रीलंकेकडे.

तिथे डचांनी पोर्तुगीजांना १६५८ साली पुरतं हुसकावून लावलं होतं. डच प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातली, त्यांना आसरा देणाऱ्यांनाही कडक शिक्षा ठेवली. जवळजवळ तीस वर्षं तिथल्या कॅथलिक कुटुंबांना ना मिस्सा, ना पापनिवेदन. श्रद्धा जपायची ती घराच्या चार भिंतींआड, चोरून.

१६८७ साली जोसेफ वाझ मजुराच्या वेशात, जॉन नावाच्या सोबत्याला घेऊन लंकेत उतरले. वाटेतच ते अतिसाराने अंथरुणाला खिळले. तिथल्या बायकांनी पेज आणून दिली म्हणून ते वाचले, असं सांगतात. बरं वाटल्यावर गळ्यात जपमाळ घालून जाफन्यात दारोदार भीक मागत ते फिरू लागले. माळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते, हे ते बघायचे. अशी एकेक घरं सापडत गेली. मग रात्री एखाद्या घरात गुपचूप मिस्सा व्हायची.

कॅथलिक समाजात एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समूहाला पॅरिश म्हणतात. आपल्या वसईकडे त्याला धर्मग्राम असा छान शब्द आहे. इथे तर चर्चच उरलं नव्हतं. तरी वाझ यांनी धर्मग्राम उभा केला तो माणसांचा. एकटा पाद्री किती ठिकाणी पुरणार? म्हणून त्यांनी गावोगावच्या भाविकांमधूनच माणसं नेमली. मुप्पू म्हणजे गावातला जाणता, तो लोकांना एकत्र ठेवायचा. अण्णावी मुलांना प्रार्थना शिकवायचा. फादर येवोत न येवोत, प्रार्थना चुकायची नाही. तमिळ आणि सिंहली या लोकांच्या भाषाही वाझ शिकले.

१६९२ साली ते कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात गेले, तर पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकलं! त्यांचं वागणं पाहून हळूहळू राजाचा संशय फिटला. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. घरचीच माणसं रोग्यांना टाकून पळत होती. त्या वेळी वाझ आणि त्यांचे पाद्री भाचे जोसेफ कार्व्हालो यांनी आजाऱ्यांना भरवलं, धुतलं, मेलेल्यांना मूठमाती दिली. रोगी कुठल्या धर्माचा, हे त्यांनी विचारलं नाही.

गोव्याला ते परत आलेच नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. पण काम थांबलं नाही. गोव्याहून त्यांच्या मंडळाचे पाद्री येत राहिले आणि गावोगावची नेमलेली माणसं आपलं काम करत राहिली. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केलं. लंकेचे ते पहिले संत.

आमच्या गटाचं म्हणाल, तर आता वही दर महिन्याला वेगळ्या मैत्रिणीच्या घरी असते. हिशेब सगळ्यांना येतो. परवा ताई आजारी होत्या, तरी बैठक वेळेवर झाली. बैठक संपल्यावर दोघीजणी ताईंकडे डबाही देऊन आल्या.