कोटितीर्थाचे चित्रकार : आबालाल रहिमान

आबालाल रहिमान हे महाराष्ट्रातील एक थोर चित्रकार होते. १८६० च्या सुमारास कोल्हापूर येथे एका मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या प्रती हाताने लिहिण्याची परंपरा होती. तुम्ही उर्दूच्या तासाला खुशखती शिकता. एक वळण चुकले तर अक्षराची शोभा जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. अशा घरात वाढलेल्या आबालाल यांना लहानपणापासून चित्रे काढण्याचा नाद लागला.

पुढे ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. तेथे त्यांनी खूप मेहनत घेतली. माणसाचे हुबेहूब चित्र कसे काढावे, छाया आणि प्रकाश कसे दाखवावेत, जलरंग आणि तैलरंग कसे वापरावेत, हे सर्व ते शिकले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. त्या काळी हा फार मोठा मान होता. मुंबईत राहून त्यांना पैसा आणि कीर्ती मिळवता आली असती. परंतु ते आपल्या गावी परत आले.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज गुणी माणसांची कदर करणारे होते. कुस्ती, संगीत, नाटक आणि चित्रकला या सर्वांना त्यांनी आश्रय दिला. आबालाल यांचे गुण ओळखून महाराजांनी त्यांना दरबारात चित्रकार म्हणून नेमले. दरबारासाठी आबालाल व्यक्तिचित्रे काढत. पण त्यांचे मन रमत असे ते निसर्गात.

कोल्हापुरात कोटितीर्थ नावाचे एक तळे आहे. त्याच्या आसपास आबालाल यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली. त्यांनी त्याच तळ्याची चित्रे पुन्हा पुन्हा काढली. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी संध्याकाळी. कधी पावसाळ्यात, तर कधी उन्हाळ्यात. तुम्ही म्हणाल, एकाच तळ्याची इतकी चित्रे कशाला? याचे उत्तर रंगांमध्ये आहे.

लाल, नारिंगी आणि पिवळा हे उष्ण रंग आहेत. ते पाहिले की ऊन, आग, दिव्याची ज्योत आठवते. निळा, निळसर हिरवा आणि जांभळा हे शीत रंग आहेत. ते पाहिले की पाणी, सावली, दाट झाडी आठवते. हात लावल्यावर रंग गरम किंवा गार लागत नाही. ही ऊब आणि हा गारवा मनाला जाणवतो. चित्रात उष्ण रंग जवळ आल्यासारखे वाटतात आणि शीत रंग दूर गेल्यासारखे वाटतात. म्हणूनच लांबचे डोंगर दाखवताना चित्रकार निळसर रंग वापरतात.

एकच रंगही नेहमी सारखा नसतो. हिरव्यात पिवळा जास्त मिसळला, तर तो उन्हातल्या पानासारखा उबदार होतो. निळा जास्त मिसळला, तर तो सावलीतल्या पानासारखा थंड होतो. तळे तेच असते. पण सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याचे पाणी सोनेरी दिसते आणि ढगाळ दिवशी तेच पाणी करडे-निळे होते. ऊन बदलले की रंग बदलतात आणि रंग बदलले की चित्रातला भावही बदलतो. हा बदल टिपण्यासाठी आबालाल त्याच जागी पुन्हा पुन्हा बसत.

त्याच काळात फ्रान्स देशात क्लोद मोने नावाचे प्रसिद्ध चित्रकार होते. १८९० आणि १८९१ या वर्षांत त्यांनी शेतातल्या गंजींची वेगवेगळ्या वेळची अनेक चित्रे काढली. पुढे आपल्या बागेतल्या तळ्याची चित्रेही ते वर्षानुवर्षे काढत राहिले. दोघांमध्ये हजारो मैलांचे अंतर होते. पण दोघांनीही उन्हालाच आपला गुरू मानले.

१९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले. आबालाल यांचा मोठा आधार गेला. दुःखाच्या भरात त्यांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात टाकून दिली, अशी हकिकत कोल्हापुरात सांगतात. ज्या पाण्याचे रंग त्यांनी जन्मभर कागदावर उतरवले, त्याच पाण्यात ते कागद गेले! त्यांचे शेवटचे दिवस गरिबीत गेले. तरीही त्यांनी चित्रकलेची साथ सोडली नाही. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

आबालाल यांची थोडीच चित्रे आज पाहायला मिळतात. पण त्यांनी दिलेली नजर बुडाली नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांच्यानंतरचे कोल्हापूरचे अनेक चित्रकार आबालाल यांना फार मानत. कोल्हापूरला लोक कौतुकाने कलापूर म्हणतात. ते नाव मिळवून देण्यात आबालाल यांचा वाटा मोठा आहे.

मुलांनो, रंग पाहण्यासाठी कोल्हापूरलाच जायला हवे असे नाही. नांदेडला गोदावरीचा घाट आहे. लातूर जिल्ह्यात मांजरा नदी आहे. फुललेली करडई, काळी जमीन, उन्हाळ्याच्या तोंडी फुलणारा पळस आपल्या मराठवाड्यात सगळीकडे दिसतो. एक जागा निवडा. तिचे एक चित्र सकाळी काढा आणि एक संध्याकाळी काढा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवा आणि कोणत्या चित्रात कोणते रंग जास्त आले ते मोजा. रंगपेटी लहान असली तरी चालेल. आबालाल यांची खरी संपत्ती त्यांची नजर होती आणि ती विकत घ्यावी लागत नाही. रोज थोडे थांबून पाहिले की ती मिळते.